नेहमीचे उपाय थकतात तेव्हा

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी उज्जैनमधल्या मराठी घरांत काठी धुऊन उन्हात ठेवलेली असते आणि कडुलिंबाचा डहाळा कुठून आणायचा याची चर्चा चाललेली असते. आपल्या पंचांगात ती फाल्गुन अमावस्या. माळव्याच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच तिथी तिथं चैत्रातली होते. लोकांच्या तोंडी तिचं नाव भूतडी अमावस्या. त्या दिवशी शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेकाठच्या कालियादेह महालापाशी, बावन कुंडांत आंघोळ करायला आसपासच्या जिल्ह्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं येतात. लागलेलं उतरावं, कुणी केलेलं सुटावं, अंगात येणारं निघून जावं म्हणून. काठावर लिंबं, नारळ आणि अंगावरून काढून टाकलेले ओले कपडे यांचा खच पडतो.

त्या गर्दीत पाहिलेली एक मायलेक माझ्या मनातून जात नाही. मुलगी विशीतली. डुबकी मारून वर आल्यावर आईनं तिचे केस पुसले, कान पुसले, हनुवटी वर करून विचारलं, “अब ठीक लग रहा है?” मुलगी म्हणाली, “नींद आ रही है।” आईच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. बोलता बोलता कळलं की मुलगी तीन महिने धड झोपलेली नव्हती. छातीत धडधडतं म्हणून हृदयाचा आलेख काढून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं. शेतावर जाणं सुटलं होतं, ताटावरून अर्धवट उठायची, एकटी सोडली की रडायची. आईनं हे सगळं दिवसवारीनं सांगितलं. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञानं तासभर विचारून जे टिपलं असतं, ते त्या आईला तोंडपाठ होतं. मदतीची वेळ आली आहे हे तिनं बरोबर ओळखलं होतं. तिला पत्ता मात्र हा एकच माहीत होता.

म्हणून ‘थेरपीची वेळ कधी येते’ या प्रश्नाचा आढावा मला लक्षणांच्या यादीपासून सुरू करावासा वाटत नाही. घरातल्या माणसांना बदल दिसतो. त्या बदलाला नाव काय द्यायचं आणि तो घेऊन कुठं जायचं, इथं सगळं अडतं. उज्जैन तर उपायांचंच गाव आहे. महाकाल आहे, मंगळाच्या पूजेला मंगळनाथ, पितरांसाठी सिद्धवट, काळभैरव, रामघाटावरची स्नानं. महाराष्ट्रातूनही लोक इथं प्रश्न घेऊन येतात. या उपायांनी अनेकांना आधार मिळतो, हे मी इथं राहून पाहिलं आहे. पण प्रत्येक घराचे काही नेहमीचे उपाय असतात. कुणाचा जप, कुणाचं फिरणं, कुणाची मैत्रिणीशी फोनवरची तासभर बडबड, कुणाचं माहेरी चार दिवस जाऊन येणं. हे उपाय प्रामाणिकपणे करूनही माणूस जागचा हलत नाही, उलट ते उपाय करण्याचंही बळ त्याच्यात उरत नाही, तेव्हा वेळ झालेली असते. दुःख किती मोठं यावरून ही वेळ ठरत नाही. घरात मृत्यू होऊनही कुणी सहा महिन्यांत सावरतं आणि बाहेरून सगळं सुरळीत असताना कुणी खचत जातं.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टर?’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज येतं, की त्याची किंमत लक्षात येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात मध्य प्रदेशही होता. पाहणीच्या वेळी दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला उपचारांची गरज असलेला मानसिक त्रास होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. महाराष्ट्र त्यात पहिला, २२,७४६. मध्य प्रदेश तिसरा, १५,३८६. म्हणजे उज्जैनमधल्या मराठी कुटुंबाची दोन्ही घरं, जन्माचं आणि मुळाचं, या यादीत वरच आहेत.

मग वेळ मोजायची कशी? डॉक्टर मंडळी नैराश्यासाठी दोन आठवड्यांचं माप वापरतात. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेली आणि आता जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का, कशात रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा, स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा बेचैनी, मरणाचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की तपासून घ्यावं असा संकेत आहे. ती प्रश्नावली निदान करत नाही, पण तिचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ती ‘तुम्हाला दुःख आहे का’ असं विचारत नाही, ‘किती दिवस’ असं विचारते. एक वाईट दिवस सगळ्यांनाच येतो. चौदांपैकी बारा दिवस सकाळी उठावंसं न वाटणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि ही मोजणी आपल्या भाषेत करता आली पाहिजे. दवाखान्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारा माणूस विरळा. आपल्याकडे जीव घाबरा होतो, डोकं जड होतं, पोटात खड्डा पडतो, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं, अन्न गोड लागत नाही. माळव्यात ‘जी घबराता है’ आणि ‘मन नहीं लगता’. शरीराच्या वाटेनं आलेली ही तक्रार खोटी नसते. म्हणूनच आधी शरीर तपासून घ्यावं. थायरॉइडचं काम मंदावलं, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, रक्त कमी झालं, तरी माणूस असाच कोमेजतो. पण सगळे कागद ठीक आले आणि त्रास तसाच राहिला, तर ‘काही नाही झालेलं’ असा त्याचा अर्थ होत नाही. आता मनाकडे पाहायचं, एवढाच अर्थ होतो. या वळणावरच बहुतेक घरं थांबतात. तपासण्यांची फाइल कपाटात जाते आणि माणूस तसाच खोलीत राहतो.

माझे काका असे वर्षभर राहिले. गोपाळ मंदिराच्या मागच्या बोळात त्यांचं घर. हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. आमच्याकडची बरीच मराठी घरं शिंद्यांच्या मागोमागच इथं आली. पहाटे पाचला उठून रामघाट, येताना कागदात बांधलेले पोहे, मग ‘नईदुनिया’ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि त्यासोबत रेडिओवरच्या बातम्या. चाळीस वर्षांचा क्रम. काकू गेल्यावरही पहिलं वर्ष त्यांनी तो सोडला नाही, उलट घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या वर्षी श्रावणात रामघाट बंद झाला. गुडघे दुखतात, म्हणाले. क्ष-किरण काढला, वयाच्या मानानं गुडघे चांगले होते. मग वर्तमानपत्राचं रबर तसंच राहू लागलं. दिवाळीपर्यंत टेबलावर न उघडलेल्या अंकांची चळत झाली. आम्ही सगळे म्हणत राहिलो, वय झालं. वहिनीला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. काका मीठ मागेनासे झाले होते. आमटी अळणी झाली की पहिल्या घासाला हात पुढं करणारा माणूस समोर येईल ते खाऊन उठत होता. ती म्हणाली, “त्यांना चव कळत नाहीये असं नाही. त्यांना काही वाटतच नाहीये.”

शोकाचं माप हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. आपल्या परंपरेनं शोकाला एक वेळापत्रक दिलं: दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध. त्यात मोठं शहाणपण आहे. घरात माणसं येत-जात राहतात, गेलेल्याचं नाव घ्यायला ठरलेले दिवस मिळतात, आणि वर्षानं एक दार हळूच लोटलं जातं. आधुनिक मानसोपचारानंही लांबलेल्या शोकाला अलीकडे स्वतंत्र स्थान दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची मर्यादा सहा महिन्यांची आहे. अमेरिकी वर्गीकरणानं २०२२ मध्ये प्रौढांसाठी वर्षाची मर्यादा धरली, म्हणजे जवळपास वर्षश्राद्धाइतकीच. अर्थात तारीख उलटली की शोक आजार होतो असं नाही. वर्षानंतरही गेलेल्या माणसाची आठवण येणं, सणाला डोळे भरून येणं हे प्रेमच आहे. पाहायचं ते एवढंच, की आठवणीबरोबर आयुष्यही चाललंय, की आयुष्य त्या एका दिवशीच थांबलंय. सिद्धवटाला तर्पण करून परतताना कुणाला हलकं वाटतं. कुणी मात्र दर महिन्याला नवा विधी विचारायला येतं, कारण ते हलकेपण त्याच्या वाट्याला आलेलंच नसतं.

पूजेच्या बाबतीतही हाच फरक कामाला येतो. मंगळनाथाला मुलामुलींची लग्नं अडली म्हणून लोक भातपूजा करतात. करून घरी गेले, मन शांत झालं, शोध पुन्हा सुरू झाला, तर छानच. पण एखादी पूजा नीट झाली नाही या शंकेनं ती पुन्हा, मग पुन्हा करावीशी वाटते, हात धुतले तरी ओवळेपण जात नाही, देवासमोर नको ते विचार येतात आणि त्यांची भीती दिवसभर छळते, तेव्हा ते भक्तीत मोडत नाही. त्याला मंत्रचळ म्हणतात, त्यावर खास पद्धतीची थेरपी आहे, औषधं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. आपल्या सोवळ्याच्या घरांत हा त्रास ‘फार कडक आहेत हो त्या’ या कौतुकाखाली वर्षानुवर्षं झाकून राहतो. मला वाटतं, अशा बाईइतकं एकटं दुसरं कुणी नसेल.

पुरुषांचं दुःख अनेकदा बाटलीतून बोलतं किंवा रागातून. रोजचं पिणं वाढलं, मुलांवर हात उठू लागला, नोकरीवर खाडे पडू लागले, तर घरातल्यांनी स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. बाळंतिणीचं रडू हळवेपणाचं असेल तर दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही टिकलं, बाळाकडे पाहावंसं वाटेना, तर डॉक्टर हवा.

काही गोष्टींत मात्र दिवस मोजत बसायचंच नसतं. मरणाचे विचार बोलून दाखवणं, निरवानिरव करू लागणं, न दिसणारं दिसणं आणि न ऐकू येणारं ऐकू येणं, चार-चार रात्री न झोपताही अंगात न मावणारा उत्साह आणि पैशांची उधळण. इथं त्याच दिवशी माणसाला घेऊन निघायचं, एकटं सोडायचं नाही. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलीस येतील या भीतीनं कुटुंबं लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे, त्याला शिक्षा नाही. त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

बोलून बरं होतं का, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर आपल्या जवळच्या मुलखातूनच मिळालं आहे. गोव्यात संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत काम केलं. विषय अगदी साधा: काय करायचं सोडलंत, त्यातली कोणती एक गोष्ट या आठवड्यात पुन्हा सुरू करता येईल, अडचण आली तर तिचे तुकडे कसे पाडायचे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. थेरपी म्हणजे दिवाणावर पडून बालपण उकरणं, असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात घातलंय. पुष्कळदा थेरपी म्हणजे पुन्हा रामघाटापर्यंत चालत जाणं असतं, कुणीतरी शिकलेल्या माणसानं बरोबरीनं आखून दिलेलं.

आता दोन जिल्हे शेजारी ठेवून पाहू. अमरावतीत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावातलेच कार्यकर्ते घरोघर, ओट्यावर, शेताच्या बांधावर या विषयावर बोलत फिरले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दुसरीकडे आमच्या वाटेवरचं सीहोर, उज्जैनहून भोपाळला जाताना लागणारं. तिथं संगाथच्या साथीनं सरकारी दवाखान्यांत मानसिक उपचारांची सोय केली गेली. पण गावात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. मला या तुलनेतून एकच गोष्ट दिसते. दवाखान्यात खुर्ची मांडून पुरत नाही, ‘अहो, याला औषध आहे’ हे ओट्यावर येऊन कुणीतरी सांगावं लागतं. ‘वेळ ओळखणं’ हे एकट्या रुग्णावर सोपवण्याचं काम नाही. तो तर त्या वेळी सर्वांत कमी ओळखू शकतो, कारण निराशा त्याला आधी हेच पटवते की काही होणार नाही.

म्हणून बावन कुंडांच्या काठावर उभं राहून अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणं मला जमत नाही. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या गंभीर मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सहा आठवडे तिथं राहून, झाडलोट करून, कुटुंबाच्या सोबतीनं त्यांची लक्षणं सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली होती. निवारा आणि माणसांचा विश्वास यांत बळ आहे. पण त्याच राज्यात एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्यानं जळून मेले. श्रद्धास्थानाच्या आसऱ्याला उपचारांची आणि कायद्याची जोड नसली की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात याची सांगड घातली गेली. मुजावरांनीच आलेल्या माणसाला तिथं बसणाऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं, दवा आणि दुवा दोन्ही. भूतडी अमावस्येला कालियादेहलाही असा एक तंबू लागावा, ही माझी जुनी इच्छा आहे. त्या आईला तिथूनच दुसरा पत्ता मिळाला असता.

तो पत्ता तसा लांब नाही. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत ‘मन कक्ष’ सुरू झाले आहेत. उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे, पण पहिल्या भेटीला तिथं जावंच लागतं असं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि विनामूल्य. तिथं मराठीतही बोलता येतं. इथल्या मराठी माणसाला हे महत्त्वाचं, कारण बाजारात, कचेरीत आपण हिंदीत वावरतो, पण रडायची भाषा अजून आईची असते. आमच्या समाजाची आणखी एक अडचण आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. आज फ्रीगंजातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यावर दिसलेल्या माणसाची उद्या गणेशोत्सवाच्या मांडवात कुजबुज होते, मुलीचं लग्न मोडेल अशी भीती बसते. फोनवरून सुरुवात करणं त्यासाठी बरं पडतं. आणि डॉक्टरनं रुग्णाची माहिती बाहेर सांगायची नाही हे कायद्यानंच बांधून दिलं आहे.

पाट्या वाचताना एवढं पाहावं: मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तो देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, बोलून उपचार करण्याचं शिक्षण त्याचं असतं. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारायला संकोच करू नये. दोन-चार भेटींत सूर जुळला नाही तर माणूस बदलावा. दाताच्या डॉक्टरच्या बाबतीत आपण तेच करतो.

काकांना घेऊन जायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, “मला काय वेड लागलंय?” वहिनी म्हणाली, “नाही हो काका. तुम्ही मीठ मागत नाही, म्हणून जायचंय.” ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. आदल्या रात्री आम्ही एका कागदावर लिहून काढलं: रामघाट कधीपासून बंद, झोप किती वाजता मोडते, वजन किती उतरलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. कागद त्यांच्यासमोर ठेवला, चुकलं असेल ते सांगा म्हणून. त्यांनी चष्मा मागितला. झोपेच्या आकड्यात खाडाखोड केली, चारच्या जागी अडीच लिहिलं. मग खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: रेडिओचे सेल संपले आहेत, चैत्रापासून आणले नाहीत.